चार कॉलमांची सावली

४ मार्च, मंगळवार

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, "ऑफिसातलं जे काही रोज जेवताना मला ऐकवता ना, ते यात लिहा. वही कंटाळत नाही." सत्तावीस वर्षं वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्या माणसाची घरात ही किंमत. असो. लिहितो.

बाजारातल्या स्फोटाला आज पाच दिवस झाले. सात माणसं गेली. सुरक्षा खात्यानं सगळ्या संपादकांना बैठकीला बोलावलं होतं. आमचे संपादक तिथून परतले ते तरातरा माझ्या टेबलाशी आले. "ठरलं," म्हणाले. "अतिरेक्याचं नाव छापायचं नाही, चेहरा छापायचा नाही. आपण त्यांना हिरो करतो आणि मग तसलेच आणखी दहा तयार होतात."

मला पटलं. अगदी मनापासून पटलं. संपादकांचं म्हणणं मला वर्षातून एकदा पटतं, यंदाचं मार्चमध्येच उरकलं. तसं पाहिलं तर पोलिसांकडे अजून कुणाचं नावही नाही आणि फोटोही नाही. त्यामुळे नियम मोडायची सोयच नव्हती.

"मग पहिल्या पानावर चार कॉलम रिकामे राहतात," मी म्हणालो. "तिथं गेलेल्या सात जणांचे फोटो लावतो."

"ते पाचव्या पानावर घ्या. इथं तो पाहिजे."

"कोण तो?"

"तोच हो. चेहरा नाही, पण तोच. वाचकाच्या अंगावर काटा आला पाहिजे. म्हणजे, वाचक सतर्क झाला पाहिजे."

पान छपाईला सोडायला चाळीस मिनिटं उरली होती. माझ्या फोनमध्ये छोटूचा फोटो होता. छोटू म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, उंची सहा फूट दोन इंच, पण भावंडांत शेवटचा म्हणून अजून छोटू. लिफ्टची दुरुस्ती करतो. गेल्या महिन्यात त्याच्या लायसन्ससाठी पांढऱ्या भिंतीपुढे उभा करून मीच तो फोटो काढला होता. पांढरी भिंत म्हणजे कापायला सोपं. कडेकडेनं कापला, आत काळा रंग ओतला, छातीवर पांढरं प्रश्नचिन्ह टाकलं. नऊ मिनिटं लागली. खाली ओळ दिली : 'हा कोण? ओळखा, कळवा.' त्याखाली आमचा फोन नंबर.

संपादक बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बघा, थरकाप!" सत्तावीस वर्षांत माझ्या कामाला त्यांनी दिलेला हा पहिला शेरा.

सात जणांचे फोटो पाचव्या पानावर गेले. जागा कमी होती, तिकिटाएवढे बसवले.

५ मार्च, बुधवार

अंक संपला! सकाळी अकरा वाजता स्टॉलवर एक प्रत मिळेना. संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी माझी सावली उचलली. एकानं तर ती डोळे मिचकावेल अशी केली, जे साफ चूक आहे, कारण सावलीला डोळे नसतात. पण या लोकांना कलेचं काय.

बायको पेपर बघत बसली होती. म्हणाली, "अहो, हा आपल्या छोटूसारखा उभाय."

"तुला सगळीकडे माहेरच दिसतं," मी म्हणालो.

"नाही हो. हा बघा डावा खांदा. वीस वर्षं हत्यारांची पिशवी वाहून त्याचा असाच उतरलाय. आणि डोक्यावरचा हा तुरा. आईनं तेल चोपडून चोपडून हात टेकले, पण तो काही बसला नाही."

मी चहा मागितला. काळा रंग भरला की सगळी माणसं सारखीच दिसतात, हे मी सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो.

७ मार्च, शुक्रवार

सुरक्षा खात्यानं सावलीची मोठी फाईल मागवली. पोस्टर छापणार आहेत! बसथांब्यांवर, बँकांत, इमारतींच्या फाटकांवर, लिफ्टमध्ये. खाली लिहिणार, 'चित्र सौजन्य' आणि आमच्या पेपरचं नाव. माझं नाव नाही. मी विचारून पाहिलं. संपादक म्हणाले, "अहो, हे देशकार्य आहे." देशकार्यात संपादकांचा फोटो मात्र बसला, तिसऱ्या पानावर, दोन कॉलम.

१० मार्च, सोमवार

काल छोटू जेवायला आला होता. नेहमी पाच पोळ्या खातो, काल तीनवर उठला. म्हणाला, "भाऊजी, हल्ली लोक माझ्याकडे बघतात."

"कोण लोक?"

"सगळे. एका इमारतीत बाईनं मला लिफ्टमध्ये पाहिलं आणि पाच मजले जिन्यानं चढून गेली. गुडघे दुखतात म्हणून तिनंच मला बोलावलं होतं."

मी त्याला समजावलं, की माणसानं स्वतःला एवढं महत्त्व देऊ नये. लोकांना आपापले व्याप असतात. बायको माझ्याकडे बघत होती. मी लोणच्याची बरणी उघडायला घेतली. ती उघडेना. छोटूनं उघडून दिली.

१२ मार्च, बुधवार

फोन नंबरवर आजवर एकशे बारा फोन आले. त्यांतले एकाहत्तर शेजाऱ्यांविरुद्ध आहेत. एका गृहस्थांनी वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार केली, कारण ते पाटा घासल्यासारखा आवाज करतात. एका बाईंनी जावयाचं नाव दिलं, पत्त्यासकट. हे मी समजू शकतो. पण राहिलेल्या एक्केचाळीस जणांनी, एक्केचाळीस वेगवेगळ्या इमारतींतून, एकच माणूस पाहिलाय. उंच, डावा खांदा उतरलेला, डोक्यावर तुरा, हातात जड पिशवी, पिशवीत वायरी. लिफ्टच्या आसपास घोटाळतो.

संपादकांना उकळ्या फुटत होत्या. "बघा! एक्केचाळीस लोक, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि वर्णन तंतोतंत सारखं! याला म्हणतात जनजागृती."

माझी पाचावर धारण बसली. खरं सांगायचं तर तिथल्या तिथं सांगून टाकणार होतो. तोंड उघडलंही. पण संपादक म्हणाले, "येत्या मंगळवारी आपल्याकडे परिसंवाद आहे, 'दहशतवादाचा मुकाबला आणि माध्यमांची भूमिका'. सुरक्षा खात्याचे मोठे साहेब येतायत. तुमचा सत्कार ठेवलाय." मी तोंड मिटलं.

सांगेन. सत्कारानंतर सांगेन. मधल्या काळात काय बिघडतंय?

१३ मार्च, गुरुवार

मला एक युक्ती सुचली आणि ती नामी आहे. कुणाला काही न सांगता आज मी फाईलमध्ये सावलीचा डावा खांदा वर उचलला आणि डोक्यावरचा तुरा काढून टाकला. आता ती छोटू नाही. आता ती कुणीच नाही. खात्यालाही नवी फाईल पाठवून दिली. मनावरचा धोंडा उतरला. घरी जाताना बायकोला आवडतात म्हणून मोगऱ्याची फुलं घेतली. ती म्हणाली, "काय केलंत?"

१५ मार्च, शनिवार

युक्ती अंगाशी आली.

काल सगळ्या पेपरांत आणि वाहिन्यांवर एकच मथळा होता : 'संशयितानं रूप बदललं'. जुनी सावली आणि नवी सावली शेजारी शेजारी. एक निवृत्त अधिकारी टीव्हीवर सांगत होते, की केस कापणं आणि ताठ चालणं हे प्रशिक्षणाशिवाय जमत नाही.

आणि इथं बायकोनं, माझ्याशी एक शब्द न बोलता, परवाच छोटूला सलूनमध्ये पाठवलं होतं. "तो तुरा काढून ये, लोक कमी बघतील," म्हणाली. वर तिनं त्याला ताठ चालायलाही सांगितलं. सलूनवाल्यानं त्याचे केस कापले, मानेवर पावडर लावली, पुन्हा या म्हणाला आणि पाठ वळताच आमच्या नंबरवर फोन केला.

आज सकाळी छोटूला चौकशीला नेलं. पिशवी जप्त केली.

बायको नुसती बसून आहे. रडतही नाही. "तुमची एवढी ओळख आहे. संपादकांना सांगा ना, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"सोडतील. चूक झाली असेल," मी म्हणालो.

"कुणाची?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला माझीच लाज वाटली. सरळ लिहितोय, कारण वही बोलत नाही.

१६ मार्च, रविवार

आजचा अंक मीच लावला. 'सावलीशी तंतोतंत जुळणारा संशयित ताब्यात.' खात्याच्या तज्ज्ञांनी छोटूचा फोटो सावलीवर ठेवून पाहिला, जुनीवर. त्यांचं म्हणणं छापलंय : 'इतकं साम्य आमच्या आजवरच्या कामात आढळलेलं नाही.' नसणारच.

नियमाप्रमाणे त्याचा चेहरा छापायचा नव्हता. त्यामुळे चार कॉलमांत सावली लावली. ती त्याचीच होती.

आज बायकोनं मला वाढलं, पण समोर बसली नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

परिसंवाद सहाव्या मजल्यावरच्या सभागृहात होता. आमच्या ऑफिसची लिफ्ट म्हातारी आहे, तिचा स्वभाव एकट्या छोटूला माहीत. कंपनीचा माणूस तिला बघितलं की हात जोडतो. खात्याचे साहेब आले, संपादक त्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरले, सत्कारमूर्ती म्हणून मलाही आत ओढलं. तिसरा मजला गेला आणि चौथा यायच्या आधी लिफ्टनं एक उचकी दिली आणि थांबली.

आत आम्ही तिघं आणि समोरच्या भिंतीवर पोस्टर. 'हा कोण? ओळखा, कळवा.'

पहिली पाच मिनिटं साहेब हसत होते. मग त्यांनी टाय सैल केला. मग म्हणाले, "मला बंद जागेत सहन होत नाही." त्यांच्या कपाळावरून घाम टपटपत होता. संपादकांनी सगळी बटणं दाबली, पुन्हा एकदा दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली. बाहेर जिन्यावर गलका वाढला. परिसंवादाला आलेले साठेक पत्रकार दाराला कान लावून उभे होते.

"कारागिराला बोलवा!" संपादक ओरडले.

बाहेरून आमच्या शिपायाचा आवाज आला, "साहेब, तो तुमच्याच ताब्यात आहे."

"कुणाच्या?"

"या आतल्या साहेबांच्या."

भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त त्या पोस्टरचा राग आला. माझाच राग म्हणा. मी म्हणालो, "साहेब, ही सावली माझ्या मेहुण्याची आहे. घाई होती, फोनमध्ये फोटो होता, मी कापून काळा केला. त्याचा कशाशीही संबंध नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून तो सगळ्या लिफ्टपाशी दिसतो."

मग साहेब विचार करत म्हणाले, "थांबा. म्हणजे सावली तुमच्या मेहुण्याची."

"हो."

"आणि लोकांनी ओळखून दिला तो तुमचा मेहुणाच."

"हो."

"म्हणजे यंत्रणा चोख चालली की!"

संपादकांचा चेहरा उजळला. "मोहीम शंभर टक्के यशस्वी. मी म्हणत नव्हतो?"

तेवढ्यात दाराच्या फटीतून आवाज आला. बायकोचा. साहेबांचे पाय धरायला म्हणून ती न सांगता ऑफिसात आली होती आणि चौथ्या मजल्यावर अडली होती.

"अहो, आत्ता काय म्हणालात? परत म्हणा. मोठ्यानं म्हणा."

मी परत म्हणालो. साठ पत्रकारांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. फोटो, कात्री, काळा रंग, नऊ मिनिटं. आणि खांदा आपणच उचलला, तुरा आपणच काढला, तेही. मग बायको म्हणाली, "पाच तारखेलाच सांगितलं होतं मी." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

साहेबांचा श्वास घुसमटायला लागला होता. त्यांनी फोन लावला. "त्या संशयिताला इकडे आणा. लगेच. नाही, हातकड्या नकोत, हात लागणारेत. आणि ती जप्त केलेली पिशवी. हो, वायरींसकट!"

चाळीस मिनिटं गेली. या चाळीस मिनिटांत साहेब लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि संपादक त्यांना भाषणाच्या कागदांनी वारा घालत होते. मग गच्चीकडून, खूप वरून, आवाज आला.

"आत किती जण?"

"तिघं!" मी ओरडलो.

"भाऊजी? तुम्ही आहात होय? बटणं दाबू नका कुणी. मी चाक हातानं फिरवतोय."

लिफ्ट बोटभर बोटभर वर सरकली आणि थांबली. थोड्या वेळानं दार उघडलं. छोटू समोर उभा होता, दाढी वाढलेली, मागे दोन पोलीस. साहेब बाहेर पडले, त्यांनी दोनदा खोल श्वास घेतला, छोटूचा हात हातात घेतला आणि त्याच्याकडे निरखून बघितलं.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," ते म्हणाले.

छोटूनं लिफ्टमधल्या भिंतीकडे बोट केलं.

माझ्याकडे मात्र त्यानं बराच वेळ बघितलं नाही. पिशवी आवरली, नट खोलायचे पाने मोजले, एक कमी भरला, तो पोलिसाकडून मागून घेतला. गच्चीवरून खाली येताच त्याला बहिणीनं जिन्यातच सगळं सांगितलं होतं. जाताना तो थांबला आणि म्हणाला, "भाऊजी, लायसन्सवाल्यांनी माझा फोटो परत पाठवलाय. पोस्टरवरच्या माणसाशी जुळतो म्हणाले. दुसरा काढून द्या. आणि या वेळी तुमच्याकडे ठेवू नका."

मी मान हलवली.

परिसंवाद झाला. माध्यमांची भूमिका फार मोलाची आहे, असं ठरलं.

१९ मार्च, बुधवार

साठ पत्रकारांनी ऐकलं होतं. आज एकाही पेपरात एक ओळ नाही. सगळ्यांनीच सावली छापली होती ना. आमच्याकडे पहिल्या पानावर 'लिफ्टमध्ये अडकूनही साहेबांनी सोडलं नाही धैर्य' आणि सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, दोन ओळी : एका व्यक्तीची चौकशी पूर्ण झाली असून तिच्याविरुद्ध काही आढळलेलं नाही. कुणाची, कशामुळे, काही नाही. व्यक्तीचं नाव छापायचं नाही, हा नियम आहे.

पोस्टर जिथल्या तिथं आहेत. छोटू आज तीन इमारतींत गेला, तिन्ही वॉचमननी परत पाठवलं. निर्दोष सुटलाय, पण आत कोण घेतो?

२४ मार्च, सोमवार

संपादकांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, सावली बंद करा. पोस्टर उतरवा. त्या चार कॉलमांत गेलेल्या सात जणांचे चेहरे लावू, मोठे, नावांसकट. लोकांना त्यांची ओळख पटू दे.

"ती बातमी जुनी झाली," संपादक म्हणाले. "आणि मोहीम थांबली तर अतिरेकी जिंकले असं होईल. सावली बदला हवी तर. खातं नवी पोस्टर जुन्यांवर चिकटवायला तयार आहे. पाचपर्यंत द्या."

म्हणजे नवीन पोस्टर आलं की जुनं झाकलं जाणार होतं. छोटू झाकला जाणार होता. मी जागेवर येऊन मन लावून एक माणूस काढला, जो कुणाचाच नाही. ना खांदा, ना तुरा, ना पोट. खात्यानं अर्ध्या तासात परत पाठवला : 'असा माणूस नसतो.'

साडेचार वाजले होते. शिपायाला बोलावलं आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहिलो.

"हसू का?" मी विचारलं.

"काळा करणार ना? मग कशाला," तो म्हणाला.

२७ मार्च, गुरुवार

नवी पोस्टर लागली. बायको बसथांब्यावर उभी राहून बघून आली. घरी येऊन म्हणाली, "पोट जरा आत ओढायचं होतंत." मग चहा टाकला आणि माझ्यासमोर बसली. बारा दिवसांनी बसली.

छोटूचा फोन आला. आज दोन इमारतींत सरळ वर गेला, कुणी अडवलं नाही. गुडघेवाली बाई तर म्हणाली, इतके दिवस कुठं होतात?

मला मात्र आमच्याच फाटकावर वॉचमननं थांबवलं. अठरा वर्षं मला सलाम करणारा माणूस. "कुणाकडे जायचंय?"

"घरी."

त्यानं वहीत लिहिलं.

२ एप्रिल, बुधवार

खरा माणूस सापडला. दूरच्या एका गावात, तिथल्या हवालदारानं साधी चौकशी करत करत शोधला. पोस्टरकडे त्यानं बघितलंही नव्हतं म्हणे, त्यांच्याकडे पोचलंच नव्हतं. हडकुळा, जेमतेम पाच फूट, कुरळे केस.

संपादक आनंदानं लाल झाले होते. चेहरा छापायचा नाही, हा नियम आहेच. त्यामुळे चार कॉलमांत सावली लावली. माझी. वर मोठा मथळा : 'अखेर जेरबंद!' मथळा मीच बसवला. छान बसला.

संध्याकाळी छोटू आमच्या इमारतीची लिफ्ट बघायला आला होता. आम्ही दोघं बरोबरच फाटकातून शिरलो. वॉचमननं छोटूला सलाम केला, पिशवी आत न्यायला मदतही केली. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं विचारलं, "सुटलात वाटतं, साहेब?"

छोटूनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

"हो," मी म्हणालो, "आजच."